इंग्रजीत कॉमा कुठे द्यायचा? आधी क्रियापद शोधा

इंग्रजी लिहिताना कॉमा द्यायचा की नाही असा प्रश्न पडला, की बहुतेक जण वाक्य मनात म्हणून बघतात आणि जिथे श्वास थांबेल तिथे कॉमा देतात. ही सवय शाळेत लागते, कारण वाचनाच्या तासाला ‘स्वल्पविरामाशी थोडं थांबा’ असं शिकवलेलं असतं. वाचताना ते बरोबर आहे. लिहिताना त्याचं उलट लागू होत नाही. ‘द मॅनेजर ऑफ द न्यू ऑफिस ऑन द थर्ड फ्लोअर कॉल्ड मी’ हे वाक्य म्हणताना ‘फ्लोअर’नंतर कोणीही थांबेल. पण तिथे कॉमा दिला तर ती चूक, कारण कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा येत नाही.

इंग्रजीतला कॉमा वाक्याच्या रचनेवर ठरतो. रचना ओळखता आली तर फार थोडे नियम लक्षात ठेवावे लागतात. ती ओळखता येत नसेल तर पाठ केलेले वीस नियमही भलत्या जागी लागतात. म्हणून सुरुवात कॉमापासून न करता क्रियापदापासून करू. खालची इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. वाचताना ती वहीत रोमन लिपीत उतरवून काढा, म्हणजे प्रत्येक चिन्ह हाताखालून जाईल.

क्रियापद आणि त्याचा कर्ता

वाक्यातलं खरं क्रियापद ओळखायची खात्रीची पद्धत म्हणजे वाक्य भूतकाळातून वर्तमानकाळात, किंवा उलट, नेऊन बघायचं. जो शब्द बदलतो ते क्रियापद. ‘शी वॉन्ट्स टू लर्न ड्रायव्हिंग’ हे भूतकाळात ‘शी वॉन्टेड टू लर्न ड्रायव्हिंग’ होतं. ‘वॉन्ट्स’ बदललं, म्हणून क्रियापद तेच. ‘टू लर्न’ आणि ‘ड्रायव्हिंग’ दिसायला क्रियेचेच शब्द आहेत, पण ते हलले नाहीत, म्हणून मोजायचे नाहीत. मग त्या क्रियापदाला ‘कोण?’ किंवा ‘काय?’ विचारून कर्ता शोधा. कर्ता आणि क्रियापद यांची एक जोडी म्हणजे एक उपवाक्य, ज्याला इंग्रजीच्या वर्गात क्लॉज म्हणतात.

कुठलंही वाक्य घेतलं की क्रियापदाखाली रेघ मारा, कर्त्याभोवती गोल करा आणि जोड्या मोजा. जोडी एकच असेल तर कॉमाची गरज बहुधा यादीत किंवा मध्येच घातलेल्या माहितीतच पडते. जोड्या दोन असतील तर त्यांना जोडणारा शब्द कोणता ते बघायचं. कॉमाच्या निम्म्याहून अधिक शंका त्या एका शब्दावर सुटतात.

जोडणाऱ्या शब्दांचे तीन गट

पहिल्या गटात सातच शब्द आहेत: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. त्यांच्या रोमन आद्याक्षरांवरून ‘फॅनबॉइज’ असं खुणेचं नाव पडलं आहे. यांच्या दोन्ही बाजूंना पूर्ण जोडी असेल तर शब्दाच्या आधी कॉमा: ‘आय कॉल्ड द ऑफिस, बट नोबडी आन्सर्ड.’ उजवीकडे नवा कर्ता नसेल तर कॉमा नाही: ‘आय कॉल्ड द ऑफिस बट गॉट नो आन्सर.’ दुसऱ्या वाक्यात ‘कॉल्ड’ आणि ‘गॉट’ अशी दोन क्रियापदं आहेत, पण कर्ता दोन्हींचा एकच, ‘आय’. ‘बट’ दिसला की कॉमा, ‘अँड’च्या आधी कधीच नाही, असे अर्धवट नियम बऱ्याच वह्यांत असतात. ते खोडून टाका. शब्द बघून कॉमा ठरत नाही, त्याच्या उजवीकडे नवा कर्ता आहे की नाही यावर ठरतो. दोन्ही उपवाक्यं अगदी छोटी असतील तर कॉमा गाळलेला चालतो, जसं ‘आय कॉल्ड अँड शी केम.’

‘सो’ची एक अडचण आहे. ‘म्हणून’ या अर्थी असेल तर कॉमा हवा: ‘द बस वॉज लेट, सो आय टुक अ टॅक्सी.’ ‘जेणेकरून’ या अर्थी असेल तर नको: ‘आय लेफ्ट अर्ली सो दॅट आय कुड कॅच द ट्रेन.’ ‘सो’च्या पुढे ‘दॅट’ घालून वाक्य नीट वाचता आलं तर तो ‘जेणेकरून’वाला ‘सो’.

दुसऱ्या गटात इफ, व्हेन, बिकॉज, ऑल्दो, सिन्स, अनलेस, आफ्टर, बिफोर, अन्टिल हे शब्द येतात. यांनी सुरू होणारं उपवाक्य स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. ते आधी आलं तर संपताना कॉमा: ‘व्हेन द बेल रँग, द स्टुडंट्स लेफ्ट.’ नंतर आलं तर बहुतेक वेळा कॉमा नाही: ‘द स्टुडंट्स लेफ्ट व्हेन द बेल रँग.’ आधी आल्यावर कॉमा का लागतो ते या वाक्यात कळेल: ‘आफ्टर द टीचर लेफ्ट द रूम बिकेम नॉइझी.’ वाचणारा आधी ‘शिक्षक खोलीतून गेले’ असं समजतो, ‘बिकेम’ला अडखळतो आणि पुन्हा मागे येतो. ‘लेफ्ट’नंतर कॉमा दिला की ‘द रूम’ कोणाचा कर्ता आहे ते लगेच दिसतं.

उपवाक्य नंतर येऊनही कॉमा लागतो अशा दोन जागा आहेत. एक, विरोध दाखवणारे ऑल्दो आणि व्हेअरॅझ: ‘ही केप्ट वर्किंग, ऑल्दो ही वॉज टायर्ड.’ दुसरी जागा जास्त नाजूक आहे. आधी ‘नॉट’ आणि मागून ‘बिकॉज’ आला की अर्थ दुभंगतो. ‘शी डिड नॉट लीव्ह, बिकॉज शी वॉज टायर्ड’ म्हणजे ती गेली नाही आणि न जाण्याचं कारण दमणूक. कॉमा काढला तर वाक्याचा असाही अर्थ लागतो की ती गेली, पण दमल्यामुळे नाही, कारण काही वेगळंच होतं. अशा जागी कॉमावर भार टाकण्यापेक्षा वाक्य मोडून लिहिणं चांगलं: ‘शी वॉज टायर्ड, सो शी डिड नॉट लीव्ह.’

मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ लागतो, म्हणून ‘ऑल्दो इट वॉज लेट, बट वुई वेटेड’ अशी वाक्यं हातून उतरतात. कॉमा बरोबर जागी आहे, पण ‘बट’ जास्तीचा आहे. इंग्रजीत दोन उपवाक्यांना एकच जोड पुरतो: ऑल्दो ठेवा नाहीतर बट ठेवा. ‘बिकॉज’ने सुरुवात करून पुढे ‘सो’ देणं हीसुद्धा तीच चूक.

तिसरा गट सर्वांत फसवा. हाउएव्हर, देअरफोर, मोरओव्हर, कॉन्सिक्वेंटली हे शब्द अर्थाने ‘बट’ आणि ‘सो’सारखे वाटतात, पण ही क्रियाविशेषणं आहेत. दोन वाक्यं जोडायची ताकद त्यांच्यात नाही. ओळखायची कसोटी अशी: शब्द वाक्यात इकडेतिकडे हलवून बघा. ‘हाउएव्हर, द डेटा इज करेक्ट’, ‘द डेटा, हाउएव्हर, इज करेक्ट’, ‘द डेटा इज करेक्ट, हाउएव्हर’ ही तिन्ही चालतात. ‘द डेटा बट इज करेक्ट’ चालत नाही. जो शब्द हलतो तो जोडत नाही, आणि त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो: ‘द रिपोर्ट इज लेट; हाउएव्हर, द डेटा इज करेक्ट.’

नुसत्या कॉमाने जोडलेली वाक्यं

दोन पूर्ण वाक्यं फक्त कॉमाने चिकटवणं याला इंग्रजीत ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात. परीक्षेत आणि कार्यालयीन पत्रव्यवहारात ही चूक सर्वांत आधी डोळ्यांत भरते. ‘द रिपोर्ट इज लेट, वुई कॅनॉट सबमिट इट टुडे.’ जोड्या दोन आहेत आणि जोडणारा शब्द एकही नाही. सुधारायचे चार मार्ग आहेत आणि चारही सारखे नाहीत.

पूर्णविराम दिला की दोन्ही वाक्यांना सारखंच वजन मिळतं. शंका असेल तेव्हा हाच मार्ग घ्या. अर्धविराम दोन्ही विधानं एकाच विचाराची आहेत असं सुचवतो, पण एका परिच्छेदात दोन-तीन अर्धविराम आले की लिखाण अवघडतं. कॉमा आणि ‘सो’ दिला तर कारण-परिणाम उघड होतो: ‘द रिपोर्ट इज लेट, सो वुई कॅनॉट सबमिट इट टुडे.’ ‘बिकॉज’ने सुरुवात केली तर उशीर हे पार्श्वभूमीला जातं आणि जोर ‘आज देता येणार नाही’ यावर येतो. पत्रातली मुख्य बातमी कोणती ते ठरवा, मग मार्ग निवडा.

उलट टोकाची चूकही होते. कॉमाच्या भीतीने पूर्णविराम दिला जातो आणि मागे राहतं ‘बिकॉज द सर्व्हर वॉज डाउन.’ असं अर्धं वाक्य. दुसऱ्या गटातल्या शब्दाने सुरू झालेलं उपवाक्य एकटं सोडू नका, त्याला त्याच्या मुख्य वाक्याला जोडा.

जोडीने येणारे कॉमा

वाक्याच्या मध्ये जास्तीची माहिती घातली तर दोन्ही बाजूंना कॉमा लागतो, कंसासारखा: ‘अवर प्रिन्सिपल, अ फॉर्मर पायलट, टीचेस फिजिक्स.’ इथे सर्रास होणारी चूक म्हणजे पहिला कॉमा देऊन दुसरा विसरणं. तपासणी सोपी आहे. दोन कॉमांमधला मजकूर बोटाने झाका. उरलेलं वाक्य धड वाचता आलं पाहिजे.

खरी मेहनत ‘हू’ आणि ‘व्हिच’च्या उपवाक्यांवर घ्यावी लागते, कारण तिथे कॉमामुळे अर्थ बदलतो. ‘द स्टुडंट्स हू फिनिश्ड अर्ली वेंट होम’ म्हणजे ज्यांचं लवकर झालं तेवढेच घरी गेले. ‘द स्टुडंट्स, हू फिनिश्ड अर्ली, वेंट होम’ म्हणजे सगळ्यांचंच लवकर झालं आणि सगळेच गेले. तसंच ‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज अब्रॉड, इज अ डॉक्टर’ यातून भाऊ एकच आहे असं वाचलं जातं. कॉमा काढले की भाऊ एकाहून अधिक आहेत आणि बोलणं परदेशातल्या भावाबद्दल आहे. म्हणजे विचारायचा प्रश्न असा: ही माहिती ‘कोणता?’ याचं उत्तर देते का? देत असेल तर कॉमा नाही. ओळख आधीच पटलेली असेल आणि ही वरची भर असेल तर कॉमाची जोडी. विशेषनामाची ओळख सहसा आधीच पटलेली असते, म्हणून त्याच्यापुढे जवळपास नेहमी कॉमा येतो. ओळख पटवणाऱ्या ‘दॅट’च्या आधी कॉमा येत नाही.

मराठी माणसाला इथे एक जास्तीचा अडथळा आहे. ‘जो मुलगा पहिला आला, तो माझ्या वर्गात आहे’ या वाक्यात ‘आला’नंतरचा स्वल्पविराम बरोबर आहे, कारण पुढे ‘तो’ येतो. इंग्रजीत ‘तो’ नसतो. तरीही सवयीने ‘द बॉय हू केम फर्स्ट, इज इन माय क्लास’ असं लिहिलं जातं आणि कर्ता क्रियापदापासून तुटतो. लांबलचक कर्त्यानंतर कॉमा द्यावासा वाटला की थांबून विचारा: पुढचं क्रियापद याच कर्त्याचं आहे का?

जोडीतला एक कॉमा केवढा महाग पडू शकतो याचं कॅनडातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. रॉजर्स आणि ॲलिअंट या कंपन्यांमध्ये खांब वापरण्याचा करार होता. करार पाच वर्षं चालेल, आणि त्यापुढे पाच-पाच वर्षांनी वाढत जाईल, एक वर्षाची सूचना देऊन कोणी संपवला तर गोष्ट वेगळी, अशी त्यातल्या कलमाची इंग्रजी रचना होती. ‘वाढत जाईल’ या भागानंतर कॉमा होता. त्यामुळे तो भाग दोन कॉमांत बंद झाला आणि संपवण्याची अट पहिल्या पाच वर्षांनाही लागू झाली. तिथल्या दूरसंचार नियामक मंडळाने २००६ मध्ये याच वाचनावरून, करार मुदतीआधी संपवू पाहणाऱ्या ॲलिअंटच्या बाजूने निर्णय दिला. २००७ मध्ये कराराचा फ्रेंच मजकूर पाहून तो निर्णय बदलण्यात आला, कारण फ्रेंच वाक्यात ही संदिग्धता नव्हती.

‘की’चा कॉमा इंग्रजीत आणू नका

विरामचिन्हं मराठीत एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणाने आली आणि ती रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. चिन्हं तीच असली तरी वाक्याची घडण मराठीने आपलीच ठेवली. ‘तो म्हणाला, की बैठक रद्द झाली’ असं आपण लिहितो. इंग्रजीत ‘सेड’ या क्रियापदाचं कर्म पुढचं सगळं उपवाक्य आहे, आणि क्रियापद व कर्म यांच्यात कॉमा येत नाही: ‘ही सेड दॅट द मीटिंग वॉज कॅन्सल्ड.’ थिंक, नो, होप, बिलीव्ह, इन्फॉर्म या सगळ्यांना हेच लागू. अवतरणचिन्हांत नेमके शब्द दिले तर मात्र कॉमा हवा: ही सेड, “द मीटिंग इज कॅन्सल्ड.”

प्रश्न सांगताना तर चुका एकमेकींना ओढून आणतात. ‘त्याने मला विचारलं, की तू कुठे राहतोस?’ याचं शब्दशः रूप होतं ‘ही आस्क्ड मी, दॅट व्हेअर डू यू लिव्ह?’ यात सहा दुरुस्त्या आहेत. कॉमा काढा. ‘दॅट’ काढा, कारण ‘व्हेअर’ स्वतःच जोडतो. ‘डू’ काढून कर्ता आधी आणा, कारण आता हा प्रश्न नसून विधान आहे. ‘यू’चं ‘आय’ करा. काळ मागे न्या. प्रश्नचिन्हाच्या जागी पूर्णविराम द्या. हाती येतं: ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.’ हे एक वाक्य दहा वेगवेगळ्या प्रश्नांवर घोटून घेतलं, तर व्याकरणाचा एक मोठा भाग एकदमच बसतो.

याद्या, विशेषणं आणि किरकोळ जागा

तीन किंवा अधिक गोष्टींच्या यादीत शेवटच्या ‘अँड’च्या आधीचा कॉमा म्हणजे ‘ऑक्सफर्ड कॉमा’. अमेरिकेत पुस्तकांच्या संपादनात तो बहुधा देतात, तर वर्तमानपत्रं सहसा गाळतात. ब्रिटनमध्ये तो साधारणपणे गाळण्याकडे कल आहे, पण ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस तो पाळतं. दोन्ही पद्धती मान्य आहेत. एका लेखात एकच पद्धत ठेवा आणि अर्थ निसटत असेल तिथे कॉमा द्याच. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात जादा कामाच्या मोबदल्यातून वगळलेल्या कामांची यादी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ अशी संपत होती. ‘ऑर’च्या आधी कॉमा नसल्याने वितरण हे वेगळं काम आहे, की ‘पॅकिंग’चाच भाग, हे ठरेना. एका डेअरीच्या चालकांनी दावा केला. ते माल पोचवत, भरत नसत. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने कलमाची संदिग्धता त्यांच्या बाजूने वाचली आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान तिथल्या विधिमंडळाने ती यादी अर्धविराम घालून पुन्हा लिहिली.

दोन विशेषणं शेजारी आली तर मध्ये ‘अँड’ घालून आणि क्रम उलटा करून बघा. ‘अ लाँग, टायरिंग मीटिंग’मध्ये दोन्ही जमतं, म्हणून कॉमा. ‘अ लार्ज वुडन टेबल’मध्ये एकही जमत नाही, म्हणून नाही.

संबोधनाला कॉमा लागतो: ‘थँक यू, सर.’ येस आणि नोनंतर लागतो. अमेरिकन तारखेत वर्षाच्या आधी लागतो, आणि वाक्य पुढे चालू असेल तर वर्षानंतरही. ‘५ मार्च २०२४’ अशा ब्रिटिश क्रमात लागत नाही. अवतरण संपताना येणारा कॉमा अमेरिकन लिखाणात चिन्हाच्या आत जातो. ब्रिटिश लिखाणात तो मूळ उद्धृताचा भाग असेल तरच आत.

सराव कसा करायचा

संपादित, छापील इंग्रजी मजकुरातला दीडशे-दोनशे शब्दांचा उतारा घ्या आणि सगळे कॉमा काढून उतरवून ठेवा. दुसऱ्या दिवशी मूळ न बघता कॉमा परत भरा आणि प्रत्येक कॉमाच्या वर कारण लिहा: दोन जोड्या, आधी आलेलं उपवाक्य, वरची भर, यादी, संबोधन. कारण लिहिता आलं नाही तर कॉमा पुसा. मग मुळाशी ताडून बघा. बरोबर आलेल्या कॉमांपेक्षा आपण जास्तीचे दिलेले कॉमा मोजा, कारण शिकणाऱ्याच्या लिखाणात तेच अधिक खटकतात. एका आठवड्यात एकच प्रकार धरा. पहिला आठवडा फॅनबॉइजचा, दुसरा पुढे-मागे येणाऱ्या उपवाक्यांचा. ‘हू’ आणि ‘व्हिच’ला दोन आठवडे द्या.

स्वतःचं पत्र तपासताना शेवटच्या वाक्यापासून पहिल्याकडे जा, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा घसरत नाही. व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची खूण आली तर ती लगेच स्वीकारू नका. कर्ता-क्रियापदाच्या जोड्या मोजा आणि मगच हो म्हणा. स्प्लाइस आणि विसरलेला दुसरा कॉमा ही साधनं बऱ्याचदा पकडतात. तुमचे भाऊ किती हे मात्र त्यांना माहीत नसतं, त्यामुळे ‘हू’च्या आधीचा कॉमा तुम्हालाच ठरवावा लागतो.

ताडून बघताना कधी छापील मजकुरात कॉमा नसेल आणि तुम्ही दिलेल्या कॉमाला नीट कारण असेल. असं विशेषकरून वाक्याच्या सुरुवातीच्या दोन-तीन शब्दांनंतर घडतं, जसं ‘इन २०१८’ किंवा ‘लास्ट वीक’. तिथे कॉमा ऐच्छिक आहे. अशा जागा वहीत वेगळ्या शाईने लिहून ठेवा, त्या चुकांमध्ये धरू नका.